चांदमारीवरचा देव

पोलीस खात्यात मला नाव होतं, पण ते फक्त हजेरीपटावर. बाकी सगळे मला उस्ताद म्हणत. कवायत आणि बंदूक शिकवणाऱ्या हवालदाराला आमच्यात उस्तादच म्हणतात, त्यात माझी काही थोरवी नाही. शिपाई म्हणत, साहेब म्हणत, भंडाऱ्याच्या पोलीस लाइनीत दूध घालणारी बाईसुद्धा म्हणे. नावानं हाक मारणारं माणूस उरलं नव्हतं. 'अजी, ऐकता का' म्हणणारी बायको जाऊनही बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ झालं नाही. मैदानात माझ्या एका आवाजावर अख्खी पलटण वळायची. संध्याकाळी कुलूप काढून आत गेलो की त्याच आवाजाला काही काम नसायचं. स्टोव्ह पेटवायचा, भात टाकायचा, आणि भात शिजेपर्यंत भिंतीकडे बघत बसायचं. कानात मात्र बाराही महिने रातकिडे ओरडत. जन्मभर बंदुकीच्या शेजारी उभं राहिलं की कान ही अशी बिदागी देतात.

मी शिकवलेली माणसं जिल्हाभर होती. बसस्टँडवर भेटत. मला बघितलं की हातातली बिडी मागं लपवून ताठ उभी राहत. 'कसे आहात उस्ताद' असं विचारत आणि उत्तर ऐकायच्या आधीच घाईघाईनं सटकत. कोणी म्हणालं नाही, चला, चहा घेऊ. मी त्यांना इतकं ओरडलो होतो की त्यांचं तरी काय चुकलं? पण एकदा साकोलीच्या हॉटेलात मी शिरलो आणि तीन जण अर्धा चहा टाकून उठले, तेव्हा मला वाईट वाटलं. अगदी साधं वाईट, लहान मुलाला वाटतं तसं.

हे सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हाचं. गोंदिया तेव्हा आमच्याच जिल्ह्यात होतं, त्यामुळे जिल्हा लांबच लांब आणि पोलीस मोजके. कुठं अस्वलानं मोहफुलं वेचणाऱ्याला फाडलं, कुठं धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या हद्दीच्या, भांडणात कुऱ्हाडी निघाल्या, तर आमची गाडी पोहोचेपर्यंत व्हायचं ते होऊन जायचं. आधी पोहोचायचे ते वनरक्षक, होमगार्ड, चिखल्याकडच्या खाणींचे चौकीदार. यांच्यातल्या काहींच्या हाती बंदूक असे, पण ती चालवायची कशी हे धड कोणाला शिकवलेलं नव्हतं. म्हणून साहेबांनी मला बोलावलं. "उस्ताद, यांचा एक कोर्स बसवा. साकोलीच्या बाजूला घ्या, जंगलवाल्यांना जवळ पडेल," ते म्हणाले आणि आपण तयार केलेला आराखडा माझ्यापुढे सरकवला.

त्यात परेड होती, परेडनंतर परेड होती, आणि शेवटी पाहुण्यांचं भाषण. गोळीबाराला जेमतेम एक दुपार. उंटावरून शेळ्या हाकायच्या म्हटलं की असंच होतं. मी 'जी साहेब' म्हणालो, आराखडा घरी आणला आणि दिवाळीतले पणत्यांचे डाग होते त्या फरशीवर पालथा ठेवून दिला. मग खडूनं फरशीवर माझा कोर्स मांडला. काडेपेटी म्हणजे निशाण, वाटी म्हणजे दारूगोळ्याची पेटी, तांदळाचे दाणे म्हणजे माणसं. ते दाणे मी इकडचे तिकडे करत बसे. बायको असती तर म्हणाली असती, 'अन्नाशी खेळता का जी?' ती नव्हती म्हणून मीच ते मोठ्यानं म्हणालो.

माझा हिशोब असा होता. पहिल्या दिवशी कोणी बंदुकीला हात लावायचा नाही. जो आधी पोहोचतो त्यानं आधी बघायला शिकावं. रक्त कोणाचं वाहतंय, गर्दी कुठं उभी आहे, बंदूक खांद्यावरच राहिली तर भागेल का. म्हणून साकोलीच्या दवाखान्यातला कंपाउंडर मी पट्ट्या बांधायला शिकवण्यासाठी मागून घेतला. त्यानंतर रिकामी बंदूक. भरलेली सगळ्यात शेवटी. गोळी निशाणावर थांबत नाही, ती पुढे जाते, म्हणून चाप ओढण्याआधी निशाणाच्या पलीकडे काय आहे ते बघा, हे मी दर दिवशी एकदा तरी सांगणार होतो. कोर्सात कोण किती नेम मारतो याची मला फिकीर नव्हती. माझ्या चांदमारीवर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर, आजवर कोणाला खरचटलंही नव्हतं. माझ्यापाशी मिरवण्यासारखं तेवढंच होतं आणि ते मला निवृत्तीपर्यंत तसंच न्यायचं होतं.

जागा मीच शोधली. साकोलीपासून जंगलाकडे जाताना एक जुना तलाव होता. केव्हातरी फुटला आणि मग कोणी दुरुस्त केला नाही, त्यामुळे आत पाण्याऐवजी गवत आणि पळसाची झुडपं. पण त्याचा मातीचा बांध एका बाजूनं शाबूत होता, दोन पुरुष उंच आणि चांगला रुंद. गोळी पचवायला याहून चांगली भिंत कोणी बांधून दिली नसती. बांधाच्या पायथ्याशी निशाणं, समोर तलावाच्या पोटात आम्ही. बांधापलीकडे धानाची शेतं आणि थोड्या अंतरावर एक लहानसं गाव. राहायला बंद पडलेल्या राइस मिलचं गोदाम मिळालं, तिथं सगळ्यांच्या अंगाला कोंड्याचा वास लागला.

चांदमारी सुरू असली की लाल झेंडा लावायचा, हा नियम. झेंडा वर म्हणजे धोका, कोणी फिरकू नये. झेंडा खाली म्हणजे खुशाल जा. मी बांधाच्या एका टोकाला, सगळीकडून दिसेल असा उंच बांबू रोवला. पहिले काही दिवस गोळी सुटणार नव्हती, पण सरावाच्या वेळी झेंडा मी पहिल्या दिवसापासून वर ठेवला. माझ्या लोकांना सवय लागावी आणि गावालाही लागावी म्हणून. हे काम मी कोणावर सोडत नसे. सकाळी सगळे चहाला बसले की मी एकट्यानंच बांधावर जाऊन झेंडा चढवायचा, दोन पावलं मागं सरून डोळ्यांवर हात धरायचा आणि दुरून नीट दिसेल ना ते बघायचं.

गोळीबार सुरू व्हायच्या आदल्या सकाळी मी वर गेलो तर बांबूच्या बुडाशी तीन दगड मांडलेले, त्यांना शेंदूर फासलेला, पुढे बेलाची पानं आणि ओली माती. मला वाटलं, पोरांनी माझी थट्टा मांडली. सगळ्यांना रांगेत उभं करून झाडलं. नागझिऱ्याकडचा एक वनरक्षक होता, दांडगा आणि मितभाषी, तो तेवढा म्हणाला, "उस्ताद, आमी नाही केलं जी. बुढी येते एक, पलीकडच्या गावची. झेंडा चढला का येते."

तशी ती आली. मी झेंडा चढवून बांबूपाशीच दबा धरून होतो. काटक म्हातारी, लुगडं गुडघ्याला खोचलेलं, हातात पितळी गडवा. तिनं माझ्याकडे बघितलं न बघितलं केलं आणि दगडांवर पाणी घातलं.

"काय करून राहिली व माय?" मी विचारलं.

"दिसत नाही का? देवाले पानी घालून राहिली."

"हा देव नाही. हा झेंडा हाये, बंदुकीचा. झेंडा दिसला का इकडं यायचं नाही, असं सांगते तो."

"तं मंग तुमी रोज सकाळी काहून सलाम करता जी त्याले?"

मी डोळ्यांवर हात धरतो तो तिनं गावातून बघितला होता. मी म्हणालो की तो सलाम नाही, मी नुसतं बघतो. ती म्हणाली, देवाले बी नुसतं बघाच लागते, आणि प्रदक्षिणा घालायला लागली. मी रागावलो. चढ्या आवाजात सांगितलं की उद्यापासून इथं खरी गोळी सुटेल. तिनं पुरती प्रदक्षिणा घातली, माझ्या हातावर चिमूटभर लाह्या ठेवल्या आणि बांध उतरून गेली. जाताना म्हणाली, "पुजाऱ्यानं इतकं तापू नये, बाबू."

त्याच दुपारी मी त्या गावात गेलो आणि कोतवालाकडून दवंडी पिटवली: फुटक्या तलावावर लाल झेंडा असेल तोवर तिकडे कोणी पाऊल टाकू नये, जीव जाईल. कोतवालानं अगदी जीव तोडून ओरडून सांगितलं. मी समाधानानं परतलो. संध्याकाळी वनरक्षक हळूच येऊन म्हणाला, "उस्ताद, दवंडीनं उलटं झालं जी. गावात म्हनून राहिले का देव लई कडक हाये. जागा असला का कोनाले जवळ येऊ देत नाही म्हन्ते."

डोकं धरून बसलो. कारण यातली गोम मला तेव्हा कळली. झेंडा खाली असताना तिथं नुसता बांबू. देव तिथं असणार तो झेंडा वर असतानाच, म्हणजे नेमका गोळीबाराच्या वेळी. म्हातारी येणार ती तेव्हाच येणार, आणि मी कितीही ओरडलो तरी येणार. गोदामात कोणीतरी म्हणालं, "जाऊ द्या उस्ताद, देव तारी त्याला कोण मारी." मी म्हणालो, "थ्री नॉट थ्री मारी. झोपा आता."

झेंड्याशिवाय गोळीबार करता येत नव्हता आणि झेंडा असला की म्हातारी. कोर्स तसाच चालवला तर ती मरणार, आणि बंद केला तर ही सगळी माणसं न शिकता बंदुका घेऊन जंगलात परत जाणार. मी फरशीऐवजी गोदामाच्या मातीत काडीनं पुन्हा सगळं मांडलं. शेवटी वेळापत्रकात सकाळची चहाची वेळ लांबवली. त्या वेळात झेंडा वर चढेल, पण बंदुका गोदामात कुलपात राहतील. म्हातारीनं यावं, पाणी घालावं आणि जावं. ती शेतं ओलांडून गावात पोहोचली की मग पहिली फैर. वेळापत्रकात याला काहीतरी नाव द्यायला हवं होतं. मी लिहिलं, 'सुरक्षा पाहणी'.

दुसऱ्या दिवशी तिला हे समजावलं. "देवाची वेळ ठरवून राहिले का तुमी?" तिनं विचारलं. मी म्हणालो, पुजारी मी आहे ना? हे तिला पटलं.

तेव्हापासून रोज सकाळी आम्ही दोघं बांधावर. ती दगडांची मांडामांड करायची, मी शेजारी काठी घेऊन उभा. धान कापून झालेली शेतं, त्यात पेरलेली लाखोळी नुकती हिरवी दिसायला लागलेली. धुकं जमिनीला चिकटून असायचं. म्हातारी बोलभांड होती. तिचा मुलगा भिलाईला कामाला गेला तो गेलाच, दोन दिवाळ्या झाल्या, चिठ्ठी नाही की माणूस नाही. सून नातवाला घेऊन इथंच राबते. हे सगळं ती रडगाणं न करता सांगायची, जसं कोणी पिकाबद्दल सांगतं. मग डोळे मिटून बराच वेळ पुटपुटायची. मी बघत राही. पोरासाठी मागते आहे बिचारी, असं वाटे आणि माझाच जीव कालवे.

एकदा तिनं विचारलं, "तुमच्या घरी कोन हाये जी?"

"कोनी नाही."

"बायको?"

"गेली."

"लेकरं?"

"नाही व माय. भातच टाकतो एका मानसाचा."

तिनं चकचक केलं नाही की देवाची इच्छा असं म्हटलं नाही. लाह्यांची दुसरी चिमूट माझ्या हातावर ठेवली तेवढी. त्या लाह्या खात मी बांध उतरलो. खरं सांगायचं तर मला आता सकाळची ओढ लागली होती. झोपेतून उठताना आज कोणीतरी आपल्याशी बोलणार आहे हे माहीत असणं, ही चैन मला किती वर्षांनी मिळत होती. मैदानात मी नेहमीसारखाच ओरडायचो, पण पोरं एकमेकांकडे बघून हसू लागली होती. उस्ताद नरमले, असं त्यांचं मत झालं होतं.

शेवटच्या दिवशी साहेब आले. परीक्षेचा गोळीबार त्यांच्यासमोर व्हायचा होता. सकाळची पूजा रोजच्यासारखी पार पडली. फक्त बांधाच्या पलीकडे पहाऱ्याला ठेवलेल्या खाणीच्या चौकीदारानं म्हातारीला सांगून टाकलं की आज संपलं, झेंडा आज उतरणार. त्याचा बिचाऱ्याचा काही वाईट हेतू नव्हता. पण देव आज जाणार म्हटल्यावर ही बाई घरी स्वस्थ बसेल कशी? आमच्याकडे नवा भात घरात कोणी खायच्या आधी देवाला दाखवतात. तिनं कापणीनंतर शेतात पडलेला सरवा वेचून जमवलेलं धान कांडलं, आंघोळ करून ओलेत्यानं भात शिजवला आणि ताट घेऊन निघाली.

चौकीदार तिच्या वाटेतच उभा होता. पण ती ओलेती, हातात नैवेद्य, तोंडानं मौन. अशा बाईला हात लावायचा कोणी, अडवायचं कोणी? खाणीत बारा टनाचा ट्रक अडवणारा माणूस दोन पावलं बाजूला झाला. मग त्याला भान आलं आणि तो ओरडत बांधाला वळसा घालून आमच्याकडे पळत सुटला. इकडे फैर सुरू होती. त्याचं ओरडणं कोणाला ऐकू येणार?

मी रांगेच्या मागं साहेबांशेजारी उभा होतो. सवयीनं नजर निशाणावर नव्हती, निशाणाच्या पलीकडे होती. बांधाच्या टोकाशी आधी पांढरे केस दिसले, मग ताट, मग ओलं लुगडं.

"खाली कर!"

त्या दिवशी जो आवाज निघाला तो पुन्हा माझ्या गळ्यातून कधी निघाला नाही. एक चाप ओढला गेलाच होता. गोळी निशाणाच्या पायाशी मातीत शिरली. मग सगळं थांबलं. शिकवल्याप्रमाणे एकूण एक बंदूक उघडली गेली, जमिनीवर ठेवली गेली, हात वेगळे झाले. पोटावर पडलेली ती सगळी माणसं मान वर करून बांधाकडे बघत राहिली. म्हातारीनं ताट ठेवलं, पाणी फिरवलं, डोळे मिटले. धावत वर जावं असं वाटत होतं, पण मी रांगेमागून हललो नाही. शेवटाला पडलेल्या वनरक्षकानं टोपी काढली, मग त्याच्या शेजारच्यानं, मग सगळ्यांनी.

"हे काय चाललंय, उस्ताद?" साहेबांनी विचारलं.

"सुरक्षा पाहणी, साहेब," मी म्हणालो.

साहेब वाईट माणूस नव्हता. म्हातारी सुखरूप गावाकडे जाईपर्यंत थांबला. मग मला बाजूला घेऊन म्हणाला, "माणसं चांगली तयार केलीत. असा कोर्स दर हिवाळ्यात इथंच घेऊ. पण ते देवस्थान आजच्या आज हलवा. पुढच्या खेपेला ही बाई वाचेलच असं नाही." त्याचं म्हणणं खरं होतं. झेंडा तसाच वर ठेवून जावा, असंही माझ्या मनात येऊन गेलं. पण वर्षभर फडफडणाऱ्या झेंड्याला मग कोण भिणार? पुढच्या वर्षी खरा धोका असताना त्याच्या सावलीत गुरं चरली असती.

दुपारी बस आली. पोरं कोंड्याच्या वासासकट पेट्या घेऊन चढली. काहींनी वाकून नमस्कार केला. बस गेली आणि मी एकटा बांधावर चढलो. म्हातारी पुन्हा येऊन दगडांपाशी बसली होती.

"नेता का जी देवाले?" तिनं विचारलं.

मी तिच्यासमोर उकिडवा बसलो. शिकाऊ पोरांना सांगतो तसं नाही, सावकाश सांगितलं. हा झेंडा न्यावाच लागेल. हा लोकांना दूर ठेवण्यासाठी आहे. तुझा देव जवळ बोलावणारा हवा. मी खांद्यावरचा पांढरा दुपट्टा काढला. बायकोनं माझ्यासाठी घेतलेला, धुऊन धुऊन पातळ झालेला. बांधापासून दूर, गावाच्या बाजूला, वाटेवरच एक मोहाचं झाड होतं. म्हणालो, तिथं बसवू. हा झेंडा कोणी उतरवणार नाही, कधीही ये.

तिनं दुपट्टा बोटांनी चाचपून बघितला. "पयला दगड तुमीच उचला," ती म्हणाली, "पुजारी तुमी." शेंदरानं माझे हात आणि गणवेशाची बाही लाल झाली. तिन्ही दगड मीच नेले. ती मागून नैवेद्याचं ताट घेऊन आली आणि त्यातला थंड भात आम्ही दोघांनी मोहाखाली बसून खाल्ला. नवा तांदूळ, मीठसुद्धा नव्हतं. भंडाऱ्याला परतलो, कुलूप काढलं, तर खोली नेहमीपेक्षा रिकामी वाटली. दुपट्टा खुंटीवर नव्हता तेवढाच फरक होता, पण त्या रात्री मी भात टाकला नाही.

पुढचं वर्षभर मी नवीन कोर्स फरशीवर मांडत राहिलो. मांडताना गावाच्या बाजूला मी एक शेंगदाणा ठेवायचो आणि तो मोहाचं झाड आहे असं मनात धरायचो. म्हातारी आहे की गेली, मुलगा आला की नाही, विचारणार कोणाला? एकदा बसस्टँडवर तो वनरक्षक भेटला. बिडी न लपवता जवळ आला, पण त्याची बस लागली होती. "बुढी हाये जी अजून," एवढं तो खिडकीतून ओरडला.

हिवाळ्यात आम्ही पुन्हा त्या तलावावर गेलो. पहिल्याच सकाळी, झेंडा काखेत धरून, मी आधी मोहाकडे वळलो. दुपट्टा उन्हापावसानं विरून दोऱ्यादोऱ्यांचा झाला होता, पण वर होता. दगडांवर ताजा शेंदूर. बांधाकडची जुनी पायवाट गवतानं बुजलेली बघून माझ्यातल्या उस्तादाला बरं वाटलं. म्हातारी झाडाखाली बसली होती, गेल्या वर्षीपेक्षा वाळलेली. मला बघून उठायचा प्रयत्न तिनं केला नाही. कसे आहात, केव्हा आलात, काही नाही.

"मंग जी?" तिनं विचारलं. "आलं का घरी कोनी?"

"कोन येनार व माय?"

"मी मांगून राहिली ना देवाले. सालभर."

"तू तं पोरासाठी मांगत होती ना?"

"त्याच्यासाठी त्याची बायको मांगते, त्याचं लेकरू मांगते. तुमच्यासाठी मांगाले कोनी नोहोतं ना, बाबू."

बांधावर माझी माणसं झेंड्याची वाट बघत उभी होती. त्यांच्या देखत डोळे पुसायची सोय नव्हती, म्हणून मी सवयीप्रमाणे डोळ्यांवर हात धरला आणि लांब कुठंतरी बघत राहिलो. म्हातारी उत्तराची वाट बघत होती.

"आलं," मी म्हणालो. "आलं व माय."

कोण आलं ते तिनं विचारलं नाही. समाधानानं मान हलवली, गडव्यातलं उरलेलं पाणी दगडांवर घातलं आणि लाह्यांची चिमूट माझ्या हातावर ठेवली. मी ती तिथंच उभ्या उभ्या खाल्ली आणि मग झेंडा चढवायला गेलो.